आजीच्या डब्यातलं वाकडं नाणं

प्रश्न : आजीच्या डब्यात सोन्याचं एक छोटं नाणं सापडलं. एका बाजूला मधोमध कमळ, आजूबाजूला खुणा, मागची बाजू कोरी आणि नाणं वाटीसारखं वाकलेलं. गुजरीतले (सराफ बाजारातले) एक जण म्हणाले, पुतळीच असणार, वितळवून टाका. काय करू? – एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी एक ऐका, वितळवू नका आणि पॉलिशलाही देऊ नका. पुतळी मुळात व्हेनिसचं नाणं, नंतर तिच्या नकला आपल्याकडेही पडल्या, पण ती सपाट असते आणि दोन्ही बाजूंनी माणसांची चित्रं असतात. तुम्ही सांगताय ते देवगिरीच्या यादवांच्या पद्मटंकाशी जुळतंय. हे नाणं दोन ठशांमध्ये धरून एका दणक्यात पाडत नव्हते, सोन्याच्या पातळ चकतीवर आधी मधे कमळ ठोकायचे, मग भोवती एकेक ठसा, कुठे श्री, कुठे शंख, कुठे राजाचं नाव, आणि एवढे घाव एकाच बाजूनं बसल्यावर चकती वाकणारच ना. म्हणून खरा पद्मटंक कधी सुबक गोल नसतो, ठसे एकमेकांवर चढलेले असतात, एखादा अर्धा कडेबाहेर गेलेला असतो. मला तर त्यातच त्याचं सौंदर्य वाटतं!

वजन करून बघा, साधारण ३.८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. मग भिंग घेऊन नागरी अक्षरं शोधा. 'श्री राम' दिसलं तर लगेच देवाचं नाणं म्हणून देव्हाऱ्यात ठेवू नका, तो रामचंद्रदेव यादव, ज्याच्या काळात १२९६ ला अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. सिंघण या यादव राजाचं नाव निघालं तर आपल्या कोल्हापूरकरांसाठी अजून भारी, कारण १२१२ च्या सुमारास यानंच पन्हाळ्याच्या दुसऱ्या भोज शिलाहाराला हरवून हा मुलूख यादवांकडे नेला.

फोटोवरून खरं-खोटं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, जाणकाराला प्रत्यक्षच दाखवा. आणि घरात सापडलं ते वेगळं, पण शेतात नांगरताना किंवा पाया खणताना असं काही निघालं तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं, हे गावाकडच्या मंडळींनाही सांगून ठेवा.

प्रश्न : त्या काळी भाजी घ्यायलासुद्धा सोनंच लागायचं का? – एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : नाही गं, रोजच्या बाजारात सोनं कशाला येतंय! भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' लिहिली, त्यात सुरुवातीलाच हिशेब दिलाय : २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या झाल्या! बाजारात दर थोडेफार खालीवर होत असतील, पण खालच्या टोकाला कवडी होती हे यातून स्पष्ट दिसतं. या कवड्या यायच्या कुठून, तर मालदीवच्या समुद्रातून, जहाजानं. कवडीची नक्कल करून कुणाला फायदा नाही, ती झिजत नाही आणि मोजायला सोपी, त्यामुळे चिल्लर म्हणून ती शेकडो वर्षं टिकली. द्रम्म आणि गद्याण (सोन्याचं नाणं) हे शब्द मात्र शिलालेखात सापडतात ते देवळाला दिलेलं दान, जमिनीचा महसूल असल्या मोठ्या व्यवहारांत.