होय, एनआयओएसची दहावी चालते. माझ्या भावाची चालली, पण त्यासाठी ऑफिसच्या खिडकीवर भांडावं लागलं

तुमचा प्रश्न: मुलगा स्टेट बोर्डात दहावीला दोनदा नापास झालाय, त्याला एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेतून, बसवलं तर ते सर्टिफिकेट अकरावीला आणि नोकरीला चालेल का, की तिसऱ्यांदा रिपीटर म्हणूनच बसवावं. शेवटी तुम्ही लिहिलंय, "घरात दोन मतं आहेत." त्या वाक्यामुळेच लिहायला बसले. आमच्या घरातही दोन मतं होती आणि त्यातलं एक मत गेली दहा वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही.

चालतं. आधी एवढं वाचून निश्चिंत व्हा, मग पुढचं वाचा.

माझा धाकटा भाऊ मार्च २०१३ ला दहावीला बसला. त्याच्या आदल्या दिवाळीत वडिलांचा अपघात झाला होता, ते सात महिने अंथरुणावर होते. घरात तीन म्हशी. पहाटे चारला धारा, साडेपाचला डेअरीवर कॅन, मग शाळा. गणित आणि इंग्रजी गेलं. ऑक्टोबरला पुन्हा बसला, पुन्हा तेच दोन विषय. गणितात पहिल्यांदा २२ होते, दुसऱ्यांदा १९. दुसऱ्या निकालानंतर त्याने दप्तर माळ्यावर टाकलं आणि आईला म्हणाला, "मी आता म्हशीच बघतो."

तेव्हा मी सोलापूरला नोकरीला होते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंच्या पुतण्याने एनआयओएसमधून दहावी केली होती, त्यामुळे मला नाव माहीत झालं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. ही सीबीएसईच्या पोटात १९७९ साली एक प्रकल्प म्हणून सुरू झाली, १९८९ ला राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून वेगळी झाली आणि २००२ पासून आत्ताचं नाव. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालची स्वायत्त संस्था, मुख्य कार्यालय नोएडाला, आपल्याकडचं विभागीय केंद्र पुण्यात.

मी घरी हे सांगितलं त्या दिवशी मामा आले होते. मामा म्हणजे आमच्या घरातला शेवटचा शब्द. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, चाळीस वर्षं स्टेट बोर्डाचे पेपर तपासलेले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ते ओपनचं? ते पैसे भरून पास होण्याचं दुकान आहे. त्यापेक्षा पोरगा नापास राहिलेला बरा." भाऊ दारातच उभा होता.

त्या वाक्याचा मला आजही राग येतो. मामांना त्या पद्धतीतलं काहीच माहीत नव्हतं आणि तरी ते चाळीस वर्षांच्या अधिकाराने बोलले.

पद्धत अशी असते. दहावीला पाच विषय लागतात, त्यात किमान एक भाषा आणि जास्तीत जास्त दोन. गणित सक्तीचं नाही. आधीच्या मान्यताप्राप्त बोर्डात जे विषय पास झालेत त्यातल्या दोन विषयांचे गुण इकडे आणता येतात, त्याला टीओसी म्हणतात. भावाने मराठी आणि सामाजिक शास्त्रांचे गुण आणले. राहिले तीन. इंग्रजी पुन्हा घेतलं, डाटा एंट्री ऑपरेशन्स घेतलं आणि गृहविज्ञान घेतलं. गृहविज्ञानावरूनही मामा बोलले, की पोराच्या हातात लाटणं देणार का. मी त्यांना तेव्हा उत्तर दिलं नाही, इथे देते. त्या विषयात अन्न का नासतं, ते कसं टिकवायचं हा भाग आहे. स्वाध्यायात त्यावर प्रश्न होता. भावाने गोठ्यातल्या बल्बखाली बसून दुधावर दोन पानं लिहिली. कॅन नीट धुतला नाही तर काय होतं, उन्हाळ्यात डेअरीवर दूध का फुटतं, आई रात्रीचं दूध किती वेळा उकळते आणि का. मी ती पानं वाचली तेव्हा मला कळलं, की याला शिकता येतं. शाळेने त्याला विचारलंच नव्हतं. ते स्वाध्याय, म्हणजे टीएमए, त्याला वीस टक्के वजन होतं. बाकीचा पेपर परीक्षा केंद्रावर, हॉलतिकीट दाखवून, अनोळखी मुलांच्या मधे बसून. तपासणारा कोण ते आपल्याला कळत नाही. पैसे भरून पास व्हायची सोय यात कुठे बसते ते मामांनी मला सांगावं.

पासिंग ३३ आहे, स्टेट बोर्डाचं ३५. दोन गुणांच्या फरकावरूनही लोक नाकं मुरडतात. सीबीएसईलाही ३३ च आहे, पण तिथे कोणी बोलत नाही.

आणि तुमच्या मुलासाठी सगळ्यात कामाची गोष्ट: नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्या काळात नऊ संधी मिळतात. जो विषय सुटला तो सुटला, त्याचे गुण जमा राहतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दोन विषय आत्ता, तीन नंतर, असं करता येतं. दोनदा पडलेल्या मुलाच्या छातीवरचा दगड यानेच उतरतो. भावाने २०१४ मध्ये नोंदणी केली, एप्रिल २०१५ ला तिन्ही पेपर दिले आणि तिन्हींत सुटला. इंग्रजीत ४१.

आता खिडकीचं सांगते, कारण तुमचा "चालतं का" हा प्रश्न खरा तिथे येतो.

निकाल जूनमध्ये लागला. तालुक्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात कॉमर्सला जागा होत्या. मी रजा काढून गेले होते. खिडकीतल्या क्लार्कने मार्कशीट घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग म्हणाला, "हे आपल्या बोर्डाचं नाही. एलसी कुठाय?" मी मायग्रेशन दाखवलं. एनआयओएस वेगळी एलसी देत नाही, मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट देते, दोन्हीचं काम एकाच कागदावर. त्याने तो कागद बोटाने माझ्याकडे सरकवला. "एलसी आणा, मग बघू." मागे रांग होती. भाऊ माझ्या बाजूला प्लॅस्टिकच्या फाईलचं बटण लावत होता आणि काढत होता, लावत होता आणि काढत होता.

आम्ही घरी आलो. मामांना फोनवरून कळलं होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "मी काय सांगत होतो?"

दुसऱ्या दिवशी मी सायबर कॅफेत बसून राजपत्रातली अधिसूचना काढली. भारत सरकारने १४ सप्टेंबर १९९० च्या ठरावाने या संस्थेला विद्यार्थी नोंदवण्याचा, परीक्षा घेण्याचा आणि पदवीपूर्व स्तरापर्यंत प्रमाणपत्र देण्याचा अधिकार दिला. तो ठराव भारताच्या राजपत्रात २० ऑक्टोबर १९९० ला छापला आहे. या दोन तारखा मला पाठ आहेत. तुम्हीही पाठ करा. त्याची झेरॉक्स, मार्कशीट आणि मायग्रेशन घेऊन मी पुन्हा गेले, पण खिडकीवर नाही, थेट प्राचार्यांकडे. त्यांनी पाच मिनिटं वाचलं आणि क्लार्कला बोलावून सांगितलं, की प्रवेश तात्पुरता द्या आणि पात्रतेसाठी कागद विभागीय मंडळाकडे पाठवा. दुसऱ्या बोर्डातून आलेल्या सगळ्याच मुलांना ते पात्रता प्रमाणपत्र लागतं, सीबीएसईवाल्यांनाही. म्हणजे क्लार्कला प्रक्रिया माहीत असायला हवी होती. ती त्याच्या टेबलावरचीच होती. सहा आठवड्यांनी पत्र आलं आणि प्रवेश पक्का झाला.

एक जण खिडकीवरून परत गेला असता तर त्याची अकरावी गेली असती. नियम त्याच्या बाजूने असून गेली असती. मला संताप याचा आहे. मान्यता दिल्लीत राजपत्रात छापून चालत नाही, ती तालुक्याच्या टेबलापर्यंत पोचावी लागते. मोठ्या पातळीवरही हेच झालंय. २०१८ साली मुक्त शाळेतून बारावी केलेल्या मुलांना 'नीट'साठी, म्हणजे वैद्यकीयच्या प्रवेश परीक्षेसाठी, अपात्र ठरवणारी अट आली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती रद्द केली आणि पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही या मुलांना पात्र धरलं. न्यायालयात जावं लागलं हीच लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

मामांचा दुसरा मुद्दा असा होता, की आपलं बोर्ड कायद्याने झालेलं आहे. बरोबर आहे. १९६५ चा अधिनियम, १ जानेवारी १९६६ पासून मंडळ. मी त्या बोर्डाला कमी लेखत नाही, मी स्वतः तिथूनच पास झाले. पण एका बोर्डाला मान असला म्हणजे दुसऱ्याला नसतो, हे कुठल्या अधिनियमात लिहिलंय? भाऊ बी.कॉम. झाला. आता एका पतसंस्थेत आहे, रोजचं कॅश टॅली तो करतो. दहावीचं गणित नापास झालेला पोरगा संध्याकाळी लाखाचा हिशोब पैशापर्यंत जुळवून उठतो. मामांनी त्याच्या लग्नात त्याला आशीर्वाद दिले, पण ते वाक्य मागे घेतलं नाही. मी वाट बघते आहे.

आता काही गोष्टी, ज्या मी आधीच सांगायला हव्या होत्या.

मुलाला पुढे पॉलिटेक्निक किंवा असं काही करायचं असेल तर गणित आणि विज्ञान टाळू नका. सक्ती नाही म्हणून सोडलं आणि नंतर प्रवेशाच्या अटीत तेच विषय निघाले, तर त्यात एनआयओएसची चूक नाही. नोकरीच्या जाहिरातीतही दहावी किंवा समतुल्य असं असतं, पण कधी कधी विषयाची अट वेगळी असते. ती ओळ वाचा.

मुलगा एकाच विषयात पडला असेल आणि शाळा, शिक्षक सगळं जवळ असेल, तर स्टेट बोर्डाची पुरवणी परीक्षा आधी देऊन बघा. पुरवणी आता ऑक्टोबरपर्यंत थांबत नाही, निकालानंतर लगेच होते. एका विषयासाठी बोर्ड बदलू नका. दोनतीन विषय आणि मनाने खचलेला मुलगा असेल तर माझं मत स्पष्ट आहे, एनआयओएस. कोणी १७ नंबरचा फॉर्म भरा म्हणेल, तो खाजगीरीत्या बाहेरून बसणाऱ्यांसाठी असतो. तुमचा मुलगा रिपीटर आहे, त्याचा तो रस्ता नाही.

आणि मामा एका बाबतीत बरोबर होते, ते मान्य करते. या नावावर दुकानं चालतात. "महिन्यात दहावी पास, घरबसल्या" अशी पाटी लावणारे एजंट प्रत्येक बसस्टँडवर आहेत. काही जण तर एनआयओएसशी मिळतंजुळतं नाव असलेल्या, कुठेही मान्यता नसलेल्या बोर्डाचं सर्टिफिकेट हातात टेकवतात. ते खरंच कागदाचा तुकडा असतं. नोंदणी संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच करा, अभ्यास केंद्र त्यांच्या यादीत आहे का बघा. दुसऱ्या कुठल्या बोर्डाचं नाव कोणी पुढे केलं तर शालेय शिक्षण मंडळांची परिषद, म्हणजे कॉब्से, तिच्या यादीत ते शोधा. तिथे नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

आता मार्कशीट डिजिलॉकरमध्येही मिळते आणि तिला मूळ कागदाइतकीच किंमत आहे. २०१५ ला आमच्याकडे ते नव्हतं. तरी खिडकीवर जाताना कागद घेऊनच जा: मार्कशीट, मायग्रेशन आणि त्या १९९० च्या राजपत्राची प्रत. आणि मूळ मायग्रेशन कॉलेजात जमा करण्याआधी त्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवा. कॉलेज ते परत देत नाही. आमच्याकडे एकच होती, आणि ती पात्रतेच्या फाईलला लागली.