शिडाच्या बोटीवर शिजवायचं कशावर आणि बोटीचं बूड कसलं घ्यायचं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पुणे): नमस्कार दादा, मी आणि बायको दोघंही लवकरच नोकरीतून मोकळे होतोय आणि ३० ते ३४ फुटी सेकंडहँड शिडाची बोट घ्यायचं डोक्यात आहे. ऑक्टोबर ते मे गोव्याहून वर मुंबईपर्यंत, खाली कोचीपर्यंत, वाटेत खाड्यांमध्ये मुक्काम करत. दोन गोष्टींवर अडलंय. बायको म्हणते बोटीवर सिलिंडर नकोच, सगळं इंडक्शनवर करू, मला वाटतं बॅटरीला ते झेपणार नाही. आणि बघितलेल्या बोटींमध्ये एक फायबरची फिन कीलवाली आहे, म्हणजे बुडाखाली मधोमध आखूड पातं असलेली, एक जुनी लोखंडी फुल कील आहे, म्हणजे तेच पातं पुढून मागेपर्यंत लांब, शिवाय मित्र म्हणतो दोन बुडांची कॅटामरानच घे.

उत्तर: वहिनींची भीती खरी आहे, म्हणून आधी तेच घेऊ. घरात गॅस लीक झाला की दार-खिडकी उघडली, भागलं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि बोटीचं बूड सगळीकडून बंद, त्यामुळे गळलेला गॅस खाली बिल्जमध्ये, म्हणजे बुडातल्या पोकळीत, जाऊन बसतो आणि तिथून बाहेर पडायला त्याला वाटच नसते. एक किलो गॅस हवेत मिसळला तर साधारण २५ घनमीटर हवा पेट घेण्याजोगी होते आणि तीस-बत्तीस फुटी बोटीची अख्खी केबिनसुद्धा एवढी भरत नाही, मग इंजिन स्टार्ट करताना पडलेली एक ठिणगी पुरते.

पण म्हणून गॅस बादच करा असं मी म्हणणार नाही. सिलिंडरची जागा नीट असेल तर जगभर हजारो लोक वर्षानुवर्षं गॅसवरच शिजवतायत. सिलिंडरचा कप्पा केबिनपासून पूर्ण सीलबंद हवा, झाकण फक्त वरून उघडणारं आणि तळाला थेट बोटीबाहेर जाणारं भोक, तेही बोट कलली तरी पाण्याच्या वर राहील असं. बोट बघायला जाल तेव्हा एक काम नक्की करा, सिलिंडर बाहेर काढा आणि त्या कप्प्यात बादलीभर पाणी ओता. सगळं पाणी बाहेर समुद्रात पडलं तर ठीक, आणि केबिनमध्ये कुठे थेंबभर जरी आलं तर समजा गॅससुद्धा त्याच वाटेने आत येणार. मालक कितीही सांगू दे की इतकी वर्षं काही झालं नाही, तो कप्पा नव्याने करून घेतल्याशिवाय चूल पेटवायची नाही. डिटेक्टर खाली बिल्जजवळ लावा, छताला नको. आणि स्वयंपाक झाला की आधी सिलिंडर बंद करायचा, पाइपातला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग बर्नरची नॉब. घरच्या उलटी सवय आहे ही पण लावून घ्या.

आता इंडक्शन. दोघांचा वरण-भात, भाजी, चहा धरून दिवसाला एक ते दीड युनिट वीज जाते. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट, म्हणजे हिशोब बसतो, पण १८०० वॅटची शेगडी १२ व्होल्टवर दीडशेच्या वर अँपिअर खेचते, तिथे वायर जाड नसेल तर तीच तापून आग लागेल. तेव्हा लिथियम, चांगला इन्व्हर्टर, जाड वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज हे सगळं बजेटमध्ये धरा, जुन्या लेड-ॲसिडवर हा खेळ करूच नका. ४०० वॅटची पॅनेल आपल्या हिवाळ्यातल्या उन्हात दीड-दोन युनिट देतात, पण शिडाची, डोलकाठीची सावली पडली की तेवढी मिळत नाहीत आणि फ्रिज, ऑटोपायलट, दिवे त्याच बॅटरीवर असतात.

म्हणून माझं स्पष्ट मत, दोन्ही ठेवा. सिंगल इंडक्शन, दुपारी बॅटरी भरलेली असताना कुकर आणि चहा त्यावर, आणि ५ किलोचा छोटा सिलिंडर भाकरीसाठी आणि ढगाळ दिवसांसाठी. भाकरीला इंडक्शनवर तवा मधेच तापतो, कडा कच्च्या राहतात आणि ज्योतीवर शेकून फुगवणं तर सोडाच. सिलिंडर कॉम्पोझिटचा मिळाला तर उत्तम, इंडेनने २०२१ मध्ये फायबरचे ५ आणि १० किलोचे काढले, खाऱ्या हवेत गंजत नाहीत आणि आत गॅस किती उरलाय ते बाहेरून दिसतं. कुकर मात्र स्टीलचा किंवा इंडक्शन-बेसवाला घ्या, साधा ॲल्युमिनियमचा त्यावर तापतच नाही. हलत्या बोटीवर कुकरइतकं सुरक्षित भांडं दुसरं नाही, आडवा झाला तरी उकळतं पाणी अंगावर येत नाही. शेगडी कोणतीही असो, ती बोटीबरोबर झुलणारी म्हणजे गिंबलवर बसवलेली हवी.

बुडाकडे येतो. सगळे विचारतात वादळात कोणती बोट टिकेल, पण तुम्ही पावसाळ्यात पाण्यात नसणारच आहात. तुमचा खरा त्रास परतीच्या वाटेचा आहे. आपल्या किनाऱ्यावर या दिवसांत दुपारनंतर वायव्येचे खारे वारे जोरात असतात, कोचीकडे जाताना ते पाठीशी आणि उत्तरेला येताना थेट तोंडावर. पहाटे जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर निघून दुपारपर्यंत पल्ला मारायचा ही आपल्या खलाशांची जुनी रीत, ती धराच, पण तरी वाऱ्याच्या अंगाने वर चढणारी, म्हणजे वारा तोंडावर असतानाही पुढे सरकणारी बोट हवी आणि तिथे फिन कील फुल कीलच्या कितीतरी पुढे आहे. फुल कीलचं सुख वेगळं, सुकाणू कीललाच जोडलेलं असल्यामुळे जाळ्यांवरून घसरून जाते, आणि आपल्याकडे रात्री जाळ्यांना दिवा नसतो, पाण्यावर नुसता एखादा प्लॅस्टिकचा कॅन तरंगत असतो. म्हणून फिन कील घ्या पण सुकाणूच्या पुढे आधाराचा स्केग, म्हणजे छोटं पातं, असलेली बघा, आणि तिचं बूड दीड-पावणेदोन मीटरपेक्षा जास्त खोल नको कारण खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे पट्टे दरवर्षी जागा बदलतात. आत शिरायचं ते भरती चढत असताना, म्हणजे टेकलात तरी पाणीच तुम्हाला उचलेल. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत ४ मीटरहून जास्त फरक पडतो, गोव्यात जेमतेम २, हे लक्षात ठेवा.

जुनी लोखंडी बोट सोडून द्या. ती आतून गंजते, बाहेर कितीही रंग चकाचक असला तरी. कॅटामरान प्रशस्त असते, कलत नाही, पॅनेलला जागा भरपूर, पण रुंदीमुळे पाण्याबाहेर काढायला जागा शोधत फिरावं लागतं आणि सामान भरलं की वाऱ्याच्या अंगाने चढत नाही. फायबरचं काम करणारे हात गोव्यात आहेत. ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या दोन्ही शिडाच्या बोटी लाकडाच्या गाभ्यावर फायबर चढवून तिथेच बांधल्या, ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा जणी २०१७-१८ मध्ये. तुमच्या बोटीचा डेक मात्र प्लॅस्टिकच्या छोट्या हातोडीने इंच-इंच ठोकून बघा, टणक आवाज येतोय तिथे ठीक, भद्द आला तिथे आतला गाभा कुजलाय.

प्रश्न (रत्नागिरी): आमच्याकडे वडिलांचा पितळी पंपाचा रॉकेल स्टोव्ह चालू स्थितीत आहे, छोट्या बोटीवर नेऊ का? आणि स्पिरिटचा कसा?

उत्तर: रॉकेलची वाफ साध्या तापमानाला सहज पेट घेत नाही, सांडलं तर वास येतो, पुसून टाकता येतं. स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ मध्ये प्राइमस काढला आणि पुढे किती दशकं लांब पल्ल्याचे दर्यावर्दी याच स्टोव्हवर जेवले. धोका पेटवताना आहे. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट घालून ते जवळजवळ संपेपर्यंत बर्नर तापू द्यायचा आणि मगच पंप, घाई केली की रॉकेलची वाफ न होता ते तसंच उडतं आणि पिवळी ज्वाळा हातभर वर जाते, बोटीत तेवढ्या उंचीवर पडदा नाहीतर छत असतंच. वॉशर नवीन घाला, पिन जवळ ठेवा, स्टोव्ह पायांसकट घट्ट बसवा. अडचण रॉकेलचीच आहे, रेशनवर आता बहुतेकांना मिळत नाही, तेव्हा खात्रीचा पुरवठा असेल तरच न्या. स्पिरिटला किलोमागे उष्णता एलपीजीच्या जेमतेम ६० टक्के आणि दिवसा ज्योत दिसत नाही, विझला समजून गरम स्टोव्हमध्ये ओतलं की भडका. चहा आणि मॅगीपुरता ठीक, रोजच्या स्वयंपाकाला नाही.

प्रश्न (साउथम्प्टन): काका, आम्ही इथे वेस्टर्ली सेंटॉर बघतोय, दोन कीलवाली. लोक म्हणतात चालायला मंद आहे. आणि तिच्यावरचा गॅस थंडीत नीट जळत नाही, तो का?

उत्तर: बिनधास्त घे गं. १९६९ ते १९८० मध्ये दोन हजारांवर बांधल्या गेलेली २६ फुटी बोट आहे, पार्ट आणि माहिती दोन्ही सहज मिळतात. वाऱ्याच्या अंगाने थोडी घसरते हे खरं, पण जेमतेम ३ फूट पाण्यात तरंगते आणि ओहोटीला चिखलावर सरळ उभी राहते, तुमच्या तिकडच्या खाड्यांमध्ये हे सुख मोठं, नांगरायला स्वस्त जागा मिळते. गॅसचं म्हणशील तर तिच्यावर ब्युटेन असणार, तो शून्याच्या आसपास वाफ होणंच थांबवतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो, तेव्हा प्रोपेनच्या लाल सिलिंडरवर जा, रेग्युलेटर बदलावा लागेल आणि नवा सिलिंडर जुन्या कप्प्यात बसतो का ते आधी मोजून घे. खरेदीआधी बोट उचलून दोन्ही कील बुडाला जिथे मिळतात तिथे आतून-बाहेरून भेगा बघायला लाव, या मॉडेलचं दुखणं तिथेच असतं, आणि तिथे आधीच मजबुतीचं काम झालं असेल तर त्याची पावती माग.