कागद अडलाय तो गावात, बीकेसीत नाही

न्यू जर्सीच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. ते लिहितात: "आईची अमेरिकेच्या इमिग्रंट (कायम राहण्याच्या) व्हिसाची मुलाखत मुंबईत झाली आणि हातात २२१(जी)चा कागद (पुरावे अपुरे म्हणून व्हिसा तूर्त नाकारल्याचं पत्र) पडला. जन्मदाखला मागितला आहे. आई बहात्तर वर्षांची, जन्म पाटण तालुक्यातल्या एका खेड्यातला. बाबा गेल्यापासून पुण्यात एकटी असते आणि रोज फोनवर रडते. मी तीन आठवड्यांची रजा टाकून निघतोय. कॉन्सुलेटमध्ये समक्ष जाऊन भेटलो तर काम लवकर होईल ना?" यापुढेही त्यांचे दोन-तीन प्रश्न आहेत, त्यांच्याकडे शेवटी येते.

अहो, रजा टाकलीत हे फार चांगलं केलंत. आईला या वेळी कुणीतरी हवंच आहे. पण ती रजा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) कॉन्सुलेटच्या फाटकासमोर घालवणार असाल तर तिकीट रद्द करा. आईला बोलावण्याचं पिटिशन तुमचं असलं तरी अर्जदार आई आहे, आणि अपॉइंटमेंट नसताना तुम्हाला आत कुणी घेणार नाही. कागद पोचवायची रीत त्या २२१(जी)च्या पत्रावरच लिहिलेली असते, त्या रीतीनेच ते पोचवायचे. तुमची गरज आहे ती तिच्या जन्मगावी आणि तहसील कचेरीत. परदेशातली आपली माणसं वकील गाठतात, ई-मेल करतात, सगळं करतात, पण गावाची एसटी धरत नाहीत. वर्षानुवर्षं मी हेच सांगत आले आहे.

निघण्याआधी घरबसल्या एक काम करा. त्या पत्राचा फोटो मागवून नेमक्या कुठल्या चौकटीत खूण आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मग आईचे सगळे कागद स्कॅन करून मागवा: पासपोर्ट, आधार, पॅन, लग्नाचा दाखला, रेशनकार्ड, बाबांच्या पेन्शनचे कागद. एका तक्त्यात प्रत्येक कागदावरचं तिचं नाव अक्षरशः जसं आहे तसं लिहा. शेजारी तिची जन्मतारीख, तिच्या वडिलांचं नाव आणि आजीचं, म्हणजे तिच्या आईचं नाव. आपल्याकडे माहेरची शकुंतला लग्नात तांदळात नाव काढून सुनंदा होते, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं आणि आडनावही बदलतं. शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि पासपोर्टवरची बाई एकच आहे, हे खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने कशावरून ओळखायचं? लग्नाचा दाखला हा त्यातला पूल. त्यावर माहेरचं नाव नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र वेगळं लागतं.

आता मूळ कागद. जन्मनोंदणीचा कायदा १९६९चा, तो लागू झाला १९७० पासून. आईचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे आजच्यासारखा छापील जन्मदाखला नसण्यात तिचा काही दोष नाही, हे तिला आधी सांगा. पण नोंदच नाही असं गृहीत धरू नका. त्या काळी गावात जन्ममृत्यूची वही असे: गाव नमुना नंबर १४, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. या वह्या बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात सापडतात. तिथे नकलेसाठी अर्ज करायचा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि पोच घ्यायची. अर्जात एकच वर्ष लिहू नका, मागेपुढे दोन-दोन वर्षं मागा. जुनी पानं मोडी लिपीत असतील तर मोडी वाचणारा शोधावा लागेल. कारकून "सापडत नाही" म्हणतो तेव्हा कधीकधी त्याला फक्त वाचता आलेलं नसतं.

नोंद सापडली तरी तिच्यात आईचं नाव नसण्याची शक्यताच जास्त. बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे नुसतं "मुलगी", एवढंच असतं. निराश होऊ नका, हा कागद मोलाचा आहे. त्याची प्रमाणित नक्कल घ्या आणि तिथून सरळ गावच्या शाळेत जा. शाळेचं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात असतं. त्यातून प्रवेश निर्गम उतारा मिळतो. त्यावर मुलीचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि बहुतेक वेळा जन्मठिकाण असतं.

इथे एक जून आडवा येतो. आपल्याकडे त्या पिढीतल्या किती जणांचा वाढदिवस एक जूनला असतो, आठवून पाहा. शाळेत घालताना मास्तरांनी वय बसवून ती तारीख टाकली. आमच्या सासूबाईंचा जन्म श्रावणातला आणि दाखल्यावर १ जून. कोतवाल बुकात एक तारीख आणि शाळेत व पासपोर्टवर दुसरी असेल तर लपवू नका. दोन्ही कागद द्या आणि फरक का पडला ते प्रतिज्ञापत्रात साध्या शब्दांत लिहा. घाईघाईने पासपोर्टवरची तारीख बदलायला मात्र जाऊ नका. डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), पोलिस क्लिअरन्स, मेडिकल असं सगळं त्या तारखेवर उभं आहे. अधिकाऱ्याने लेखी मागितलं तरच त्याला हात लावा.

नोंद खरोखरच नसेल तर अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र लागतं, आणि सगळ्यात जास्त कागद इथेच परत येतात. ग्रामसेवक भला माणूस असतो, विचारल्यावर लगेच "सदर व्यक्तीची नोंद आढळून येत नाही" अशी एक ओळ लिहून शिक्का मारून देतो. ती ओळ पुरत नाही. माझ्या आतेभावाची फाइल अशाच एका ओळीवरून परत आली होती. प्रमाणपत्र लेटरहेडवर हवं. त्यावर जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का आणि अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा हवा. मजकुरात कुठल्या वर्षांची दप्तरं तपासली, नोंद का नाही, आणि त्या काळातल्या इतरांच्या नोंदी त्या कार्यालयात आहेत की नाहीत, ही तिन्ही वाक्यं हवीत. मराठीत मसुदा टाइप करून न्या आणि नम्रपणे पुढे ठेवा. त्यांचं काम हलकं होतं आणि तुमची फेरी वाचते. अर्जाची पोच मात्र सोडू नका. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, पोच असली तर पुढे अपील करता येतं.

एक ध्यानात ठेवा: कोतवाल बुकात "मुलगी" सापडली असेल तर "नोंदच नाही" असा दाखला आणू नका. एकाच पाकिटात दोन परस्परविरोधी सरकारी कागद गेले तर आईच्या खरेपणावरच शंका येईल. आणि "आठवड्यात नवा जन्मदाखला काढून देतो" म्हणणारा तुम्हाला भेटेलच. त्याला दारातूनच वाटेला लावा. वर्षाहून उशिराच्या जन्मनोंदी आता दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाहीत आणि २०२५ मध्ये राज्यात त्यांची कसून छाननी झाली आहे. त्यात बनावट कागद पकडला गेला तर चुकीची माहिती दिल्याच्या कलमाखाली आईवर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. आज आहे तो नुसता उशीर आहे.

मग प्रतिज्ञापत्रं. ती शक्यतो आईपेक्षा वयाने मोठ्या, जवळच्या नातेवाइकांची असावीत. आई बहात्तरची, म्हणजे तुम्हाला ऐंशीच्या पुढची माणसं शोधायची आहेत. एखादी मावशी किंवा मामा हयात असेल तर विमानातून उतरल्यावर पहिला मान त्यांचा. कागदांच्या बाकीच्या कामाला महिनाभर उशीर चालेल, यांच्या बाबतीत चालणार नाही. मजकुरात आईचं नाव, जन्माची तारीख व गाव, आई-वडील दोघांची नावं, आजीचं माहेरचं नाव, आणि सांगणाऱ्याचं नातं व त्याला हे कसं माहीत, हे सगळं हवं. मराठीत वाचून दाखवा, मगच सही घ्या. अंगठा असेल तर साक्षीदार ठेवा. मावशी हिंडू शकत नसेल तर नोटरीला घरी येण्याची विनंती करा. दोघांच्या तोंडी तीच ती वाक्यं घालू नका. मावशीला आठवतं ते मावशीच्याच शब्दांत लिहा.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा, आणि भाषांतर अचूक आहे व मला दोन्ही भाषा येतात अशी भाषांतरकाराची सही घ्या. सगळं जमल्यावर एकाच पाकिटात द्या, तुकड्यातुकड्यांत नको. देण्यापूर्वी प्रत्येक पान स्कॅन करा. नकाराच्या तारखेपासून तुमच्याकडे एक वर्ष आहे. ते वाया गेलं तर अर्ज आणि फी पुन्हा.

तारखा निवडताना मे महिना टाळा. शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद, मुख्याध्यापक गावी गेलेले. गणपती-दिवाळी टाळा, निवडणुकाही टाळा, कारण तेव्हा मास्तर आणि तलाठी दोघेही ड्युटीवर असतात. ग्रामसेवकाकडे बऱ्याचदा दोन गावं असतात, तो कुठल्या वारी कुठे बसतो ते फोन करून विचारा. आणि आईला सोबत न्या. तिची सही आणि आधार लागेलच, शिवाय माहेरची दोन माणसं भेटली की ती फोनवर रडते तेवढी रडणार नाही. प्रवास झेपत नसेल तर तिच्या सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राच्या प्रती घेऊन जा.

बाकीच्या प्रश्नांना थोडक्यात. "काँग्रेसमनला लिहू का?" लिहा. त्यांच्या ऑफिसचा संमतीचा फॉर्म भरून द्यावा लागतो. ते फक्त चौकशी करतात, जन्माचा पुरावा आणून देत नाहीत. "तोवर टूरिस्ट व्हिसावर आणू का?" कायम राहण्याचा अर्ज चालू असताना "फक्त भेटायला जाते" हे अधिकाऱ्याला पटवणं अवघड, तो नाद सोडा. मेडिकलची मुदत बहुधा सहा महिने असते. ती संपली तर पुन्हा करावी लागेल, तेवढा खर्च धरून ठेवा. मध्ये एप्रिल उलटला तर आय-८६४ (आईचा खर्च उचलण्याचं तुमचं हमीपत्र) सोबत नव्या वर्षाचं टॅक्स ट्रान्सक्रिप्टही काढून ठेवा.

आणि "पुण्याचा फ्लॅट आत्ताच भाड्याने देऊन टाकू का?" असं विचारलंत, त्याचा मला खरंच राग आला. व्हिसा पासपोर्टवर लागेपर्यंत तिचं घर, तिचा गॅस आणि तिची कामवाली, सगळं आहे तसंच राहू द्या. तिचं तिकीटही तोवर काढू नका.