रोज काहीतरी नवं करावंसं वाटतं पण सुचत नाही. आर्ट जर्नल आणि साध्या हस्तकलेतून प्रेरणा कशी मिळवायची?

ताई, तुम्ही लिहिलंय की पुण्याहून भुसावळला येऊन काही महिने झाले, वेळ हाताशी आहे, आर्ट जर्नलसाठी, म्हणजे रोज चित्रं, ठसे, चिकटवलेल्या वस्तू आणि दोन ओळी ठेवायच्या वहीसाठी, चांगली वही आणि रंग आणून ठेवलेत, पण वही उघडली की डोकं रिकामं होतं. चित्रकला शिकलेली नाही. आणि इथे 'ऊन आणि केळी सोडून बघण्यासारखं काहीच नाही'. सहा वर्षांच्या मुलीलाही यात घेता येईल का, असंही विचारलंय. मी फैजपूरची, म्हणजे तुमच्या शेजारचीच, घरी केळीची शेती. त्यामुळे या प्रश्नाला मी उत्तर देणारच.

माझं म्हणणं एवढंच की कोऱ्या पानासमोर बसून सुचण्याची वाट बघू नका. आधी हातात एखादी वस्तू घ्या, सुचायचं ते नंतर सुचतं. नुसतं पान समोर ठेवलं की मन 'काय काढू?' इथेच अडून बसतं. वस्तू हातात आली की प्रश्नच बदलतो. हिचं काय होईल? ही कापली तर आत काय दिसेल? कागदावर दाबली तर काय उमटेल? अशा प्रश्नांची उत्तरं हात शोधून काढतो, त्यासाठी चित्रकला यावी लागत नाही.

केळी म्हणालात ना, मग केळीपासूनच सुरुवात करा. पानाचा जाड देठ मिळवा. पूजेच्या दिवसांत बाजारात पानं विकायला येतात, नाहीतर यावल-रावेरकडचं कुणी ओळखीचं असेल तर भारा आणून देईल. धारदार सुरीने देठ एका घावात आडवा कापा. सुरी करवतीसारखी चालवलीत तर कड फाटते. कापलेला तोंडवळा नीट बघा. अर्धचंद्राचा आकार आणि त्यात भिंती घातल्यासारखे रिकामे कप्पे, एकाला एक लागून. देठाच्या आत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून एवढं मोठं पान पेलूनही तो वजनाला हलका राहतो. कापल्यावर थोडा वेळ जुन्या फडक्यावर पालथा ठेवा, चीक निथळू द्या. बशीत स्पंजचा तुकडा ठेवून त्यावर पोस्टर कलर घ्या, पाणी अगदी थोडं. देठ स्पंजवर टेकवा आणि कागदावर दाबा. कागदाखाली दोन-तीन घड्यांचं वर्तमानपत्र हवं, म्हणजे ठसा सगळीकडे सारखा बसतो. पहिला ठसा बहुतेक वेळा भरून येतो, कप्पे दिसत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या ठशाला रंग कमी होतो आणि जाळी स्पष्ट उमटते. मग देठ फिरवा. दोन चंद्र समोरासमोर आले की डोळा होतो, एकाखाली एक आले की माशाचे खवले, गोल फिरवले की फूल. तुम्ही काहीच काढायला बसला नव्हता आणि पान भरलेलं असतं.

चीक कपड्याला लागू देऊ नका. इथल्या प्रत्येक घरात केळीच्या डागांचे कपडे वेगळे ठेवलेले असतात, कारण तो डाग धुऊन जात नाही. पण कागदावर तोच चीक कामाला येतो. ताज्या चिकात काडी बुडवून चार ओळी लिहा. त्या क्षणी जवळजवळ काही दिसणार नाही. हवा लागली की अक्षरं हळूहळू तपकिरी होत जातात. मला हे फार आवडतं. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचायला वही उघडावीच लागते.

रंगाचंही तसंच. वॉटर कलर म्हणजे मुळात रंगाची पूड आणि तिला धरून ठेवणारा डिंक. आपल्याकडे बांधाबांधावर बाभळी आहेत, किराणा दुकानात खडा डिंकही मिळतो. तो रात्रभर पाण्यात भिजवून गाळून घ्या. एखादी लवंग टाकून ठेवली तर लवकर बुरशी येत नाही. दोन थेंब मध घातला तर रंग वाळल्यावर सहसा तडकत नाही. यात गेरू घोटा, काजळी घोटा, तलम फडक्यातून चाळलेली शेतातली काळी माती घोटा. हळदीचा पिवळा सुरेख येतो, पण उन्हात उडतो. ते पान बंद वहीतच ठेवा. काळ्या मातीची गंमत वेगळी आहे. ती पातळ लावली तर धुरकट करडी छटा येते. फेव्हिकॉलमध्ये कालवून पुठ्ठ्यावर जाड थापली तर वाळताना तिला भेगा पडतात, वैशाखात आपल्या शेताला पडतात तशाच. ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून पुठ्ठ्यावरही तेच घडतं. तुम्हाला कंटाळवाणं वाटणारं ऊन एका पानावर असं आपोआप उतरेल. मे महिन्यात मात्र सकाळी लवकर बसा. दुपारी रंग ब्रशवरच वाळतो.

अजिंठा अजून पाहिलं नसेल तर जळगावमार्गे एका दिवसात जाऊन येता येतं. भिंतींवरची मोठी चित्रं सगळेच बघतात. तुम्ही पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यात मान वर करून छत बघा. छोटे छोटे चौकोन आणि त्यांत फुलं, फळं, पक्षी, वेलबुट्टी. एक चौकोन म्हणजे तुमच्या वहीचं एक पान समजा. तांबडा आणि पिवळा गेरू, काजळी, पांढरी माती, हिरवी माती, एवढ्यावरच बहुतेक काम झालंय. निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, तो दूरवरून आलेला.

हातात आहे त्यातून करायचं, ही गोष्ट आमच्या फैजपूरने मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं ५० वं अधिवेशन इथे भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. अधिवेशनाच्या नगराची सजावट गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे सोपवली आणि आग्रह धरला की खेड्यात मिळतं तेच सामान वापरायचं. त्यांनी ते बांबूसारख्या साध्या सामानातून उभं केलं. इतका मोठा चित्रकार, देशभरातून माणसं येणार, आणि सामान आपल्या बाजारातलं. मी रंगांच्या दुकानात उभी राहून महागड्या सेटकडे बघत असते तेव्हा मला हेच आठवतं आणि मी परत फिरते.

दुसरं उदाहरण चाळीसगावचं. केकी मूस (१९१२–१९८९) हे छायाचित्रकार आयुष्याची जवळजवळ ५० वर्षं आपल्या घराबाहेर क्वचितच पडले. प्रेयसी पंजाब मेलने येईल म्हणून ते वाट बघत राहिले, ही गोष्ट लोक हमखास सांगतात. मला त्या गोष्टीपेक्षा त्यांचं टेबल मोलाचं वाटतं. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यांवर हवा तसा उजेड पाडायचा आणि फोटो असा घ्यायचा की बघणाऱ्याला खरोखरचा देखावा वाटावा. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात तिला, आणि त्यांनी तिच्यात नाव कमावलं. त्यांचं घर आता कलादालन आहे, स्टेशनपासून जवळ. भुसावळहून थेट गाडी आहे, एकदा जाऊन याच. परत आल्यावर मसाल्याच्या डब्यातल्या चार वस्तू खिडकीत मांडा आणि मोबाइलने फोटो काढा. सकाळी एक, संध्याकाळी एक. सावल्या किती बदलतात ते वहीत शेजारी शेजारी चिकटवा. चित्र न काढता आर्ट जर्नल होतं ते असं.

वहीबद्दल थोडं. तुमची महागडी वही हेच निम्मं अडण्याचं कारण असेल. तिला हात लावायला भीती वाटते ना? ती बाजूला ठेवा. बाजारातून व्यापाऱ्यांची लाल कापडी चोपडी आणा, दिवाळीत वहीपूजनाला लागते ती. नाहीतर स्वतः शिवा. कागदाचे सात-आठ ताव मधोमध दुमडून एकात एक घाला, घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत, मग मधलं भोक सोडून सरळ खालच्या भोकातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील अशी धरा आणि तो टाका मध्ये घेऊन गाठ मारा. वही तयार. आवरणाला जुन्या साडीचा काठ लावा. रंगांसाठी कागद जरा जाड हवा, २०० जीएसएमच्या पुढचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). साध्या वहीची पानं ओल्या रंगाने फुगत असतील तर दोन दोन पानं एकमेकांना चिकटवून एक करा. (आपल्या एरंडोलला एकेकाळी देशी कागद बनायचा, ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.)

रोज करायचं तर वेळेपेक्षा जागा ठरवा. मिठाईच्या रिकाम्या डब्यात कात्री, फेव्हिकॉल, दोन ब्रश, पेन आणि दिवसभरात सापडलेल्या चिठ्ठ्या-चपाट्या टाकत जा. रेल्वेचं तिकीट, सरकीचे चार दाणे, कपाशीच्या बोंडाची वाळलेली पाकळी, बामणोदच्या भरताच्या वांग्याचा हिरवा देठ. संध्याकाळी डबा उघडून एकच वस्तू उचलायची. चिकटवा, छापा, तिच्या कडेने रेघ ओढा, आणि खाली दोन ओळी लिहा. दोनच. वेळ नाही म्हणणाऱ्यांना मी बहिणाबाई चौधरींचं सांगते. लिहिता वाचता येत नसलेली आसोद्याची ही लेक जात्यावर आणि शेतात काम करता करता ओव्या रचत होती, आणि मुलगा सोपानदेव यांनी त्या उतरवून घेतल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. दळण, पेरणी, सुगरणीचा खोपा, जे रोज डोळ्यांसमोर होतं तेच त्यांत आलं.

बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. भुसावळ, यावल, रावेरकडे तुम्हाला तीच ऐकू येईल, गिरणा नदीकडे गेलात की अहिराणी. तुम्ही इथे नवीन आहात हा तर तुमचा फायदा आहे. आम्हाला जे शब्द ऐकूही येत नाहीत ते तुमच्या कानाला टोचतात. भाजीवालीच्या, शेजारणीच्या तोंडचा एक नवा शब्द रोज पानावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि त्याच्याभोवती काहीही करा. वर्षभरात तुमच्याकडे असं काही जमेल जे माझ्याकडेही नाही.

मोबाइलवर इतरांची पानं बघावीत का, असं विचारलंत. बघा, पण आपलं त्या दिवसाचं पान झाल्यावर. आधी बघितलं की हात त्यांचंच गिरवायला लागतो.

आता मुलीचं. दादर, म्हणजे आपल्याकडची रब्बीची ज्वारी, निघाली की कुणाकडून तरी चार धांडे मागून आणा. ज्वारीच्या धांड्याची वरची चिवट साल तुम्ही सोला, तिची कड बोट कापते. आतला पांढरा भेंड मुलीला द्या, तो कात्रीने सहज कापला जातो. भेंडाच्या चकत्या म्हणजे चाकं, सालीची काडी आरपार घातली की आस, दोन लांब तुकडे म्हणजे बैल, शिंगांना पुन्हा सालीच्याच काड्या. आम्ही सगळ्यांनी लहानपणी अशा गाड्या केल्यात. उरलेल्या भेंडाचा काप रंगात बुडवून दाबला तर बारीक बारीक ठिपक्यांचा ठसा येतो. तिला वही मात्र वेगळी द्या आणि तिच्या वहीत तुम्ही काही नीटनेटकं करायला जाऊ नका.

आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई बसतात, म्हणजे मूर्ती मांडून मुली रोज संध्याकाळी तिची गाणी म्हणतात. शेजारी कुणाकडे बसते ते विचारा आणि मुलीला रोज संध्याकाळी गाण्यांना पाठवा. मूर्तीची सजावट, धांड्यांचं मखर, सगळं तिथे बघायला मिळेल. तुमची पाळी आली की खाऊ द्यावा लागतो. मुली डबा हलवून आवाजावरून खाऊ ओळखतात, तेव्हा डब्यात वाजणार नाही असंच काहीतरी घाला.