वाचक विचारतात : हृदयस्पंदनांची एन्ट्रॉपी

प्रश्न : एकाच व्यक्तीच्या, विश्रांतीत घेतलेल्या लागोपाठच्या दोन ईसीजी नोंदींत सॅम्पल एन्ट्रॉपी (ठोक्यांमधील अंतरे किती अनियमित, याचे माप) १.७ आणि ०.६ आली. दोन्ही पाच मिनिटांच्या, m = २ (जुळवून पाहायच्या तुकड्याची लांबी), r = ०.२ (जुळणीत चालणारा फरक, प्रमाण विचलनाच्या पटीत). एवढा फरक कसा?

उत्तर : आधी दुसऱ्या नोंदीचा आरआर आलेख (लागोपाठच्या ठोक्यांमधील अंतरांचा) डोळ्यांनी पाहा. अवेळी पडलेला ठोका असेल, तर एक आखूड अंतर आणि लगेच एक लांब अंतर दिसेल. असे चार-दोन ठोकेही प्रमाण विचलन फुगवतात. तुमचा r म्हणजे विचलनाच्या ०.२ पट, त्यामुळे तोही वाढतो, नसलेली साम्ये जुळतात आणि एन्ट्रॉपी घसरते. हृदय ‘नियमित’ झालेले नसते, फूटपट्टी सैल झालेली असते. अशी अंतरे शेजारच्या अंतरांवरून अंतर्वेशनाने बदला. फारच असतील तर नोंद टाकून द्या. मग संथ चढ-उतार काढून पुन्हा मोजा.

डीएफए (अंतरांच्या चढ-उतारांतील परस्परसंबंध मोजणारी पद्धत) या दुसऱ्या मापाचा अल्फा-१ (४ ते १६ ठोक्यांच्या खिडक्या) याच्या उलट वाटेने फसतो : अवेळी ठोक्यांमुळे तो ०.५ कडे, म्हणजे निव्वळ यादृच्छिकतेकडे, झुकतो. अल्फा-२ (त्याहून लांब खिडक्यांचा) पाच मिनिटांत काढूच नका. आणि पॉइन्कारे आलेखातील (प्रत्येक अंतर पुढच्या अंतरासमोर मांडलेला) एसडी-१ या रुंदीच्या मापाला अरेषीय म्हणण्याची पद्धत असली, तरी तो जवळपास आरएमएसएसडी (लागोपाठच्या अंतरांतील फरकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) भागिले √२ एवढाच असतो.