मुख्य वक्ता नसलेला बर्णबा

चि. बाळास,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मंडळीच्या तरुण संघाची जबाबदारी तुझ्यावर आली हे वाचून फार आनंद झाला. पण पुढे तू लिहिलंस, ‘मला नीट बोलता येत नाही, मी कोणाला काय धीर देणार?’ ते वाचताना मला पहिल्या मंडळीतला, पौलाचा सोबती बर्णबा आठवला. लुस्त्र गावात पौलाच्या शब्दानं पांगळा माणूस उठून चालू लागला, तेव्हा तिथल्या लोकांनी बर्णबाला झ्यूस मानलं आणि पौलाला हर्मेस, कारण मुख्य वक्ता पौल होता (प्रेषितांची कृत्ये १४:१२). दोघांतला बोलका बर्णबा नव्हता. तरी लोकांना धीर देणारा म्हणून मंडळीत ओळख झाली ती त्याचीच.

त्यानं केलं काय ते बघ. शौल (म्हणजे हाच पौल) यरुशलेमेत आला तेव्हा कोणी शिष्य त्याला जवळ करेना. त्यांची भीती खोटी नव्हती. याच माणसानं घराघरांत शिरून बायका-पुरुषांना ओढून तुरुंगात टाकलं होतं. बर्णबा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला आणि घडलं तेवढं सांगितलं: यानं वाटेत प्रभूला पाहिलं, प्रभू याच्याशी बोलला, दमास्कात यानं येशूच्या नावानं निर्भयपणे भाषण केलं. एवढंच. त्यात कौतुकाचा फुलोरा नाही, पण बर्णबानं त्यासाठी स्वतःची पत पणाला लावली होती. पुढे अंत्युखियात मंडळी वाढली, तेव्हा मदतीला कोण हवं हे त्याला ठाऊक होतं. तो शौलाला शोधायला थेट तार्सास गेला.

मार्काचं तर मला जास्तच वाटतं. पौल-बर्णबाच्या पहिल्या फेरीत हा त्यांचा तरुण सोबती पंफुल्यातून काम सोडून परतला होता. पुढच्या फेरीला पौल त्याला न्यायला तयार होईना, बर्णबा सोडायला तयार होईना, आणि वाद इतका पेटला की दोघं वेगळे झाले. (मार्क नात्यातला होता, तेव्हा बर्णबाचा ओढा थोडा घरचाही असेल. असू दे.) बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटावर गेला. पुढे पौलानंच तीमथ्याला लिहिलं की येताना मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.

तेव्हा मोठं बोलायच्या मागे लागू नकोस. माणसाकडे नीट बघ आणि जे दिसलं ते त्याला सांग. उपासनेत पहिल्यांदा शास्त्रपाठ वाचणाऱ्या मुलीला नुसतं ‘छान वाचलंस’ म्हटलंस तर ती दारापर्यंत जाईतो विसरेल. ‘अवघड नावं आली तरी घाई केली नाहीस, मागच्या बाकावर आजींना शब्दन्‌शब्द ऐकू आला’ असं म्हण. सकाळी सगळ्यांना एकच वचन मोबाइलवर पाठवण्यानं हे काम होत नाही.

काही ठिकाणी मात्र शब्द आवर. मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र ७ दिवस आणि ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. मयताच्या घरी ‘प्रभूची इच्छा’ हे तुझ्या तोंडून निघू नये. म्हणायचंच असेल तर ते मयताच्या आईनं म्हणावं, आपण नव्हे. आणि ज्या घरात चूल पेटलेली नाही तिथे आधी धान्याची पिशवी घेऊन जा. याकोबानं आपल्या पत्रात त्याबद्दल स्पष्टच लिहिलंय.

बारावीत नापास झाल्यापासून संघात न येणाऱ्या त्या मुलाबद्दल तू विचारलंस. त्याची वाट बघत बसू नकोस, त्याच्या घरी जा. तो तबल्यावर असला की लहान मुलं ताल सोडत नव्हती, आता सोडतात, हे तूच मला लिहिलं होतंस. तेच त्याला सांग आणि सरावाला कधी येतोस ते विचार. निकालाचा विषय तू काढू नकोस. त्यानं काढला तर ऐकून घे.

तुझे काका