अँटिबायोटिकनंतर पोट सावरण्यासाठी प्रोबायोटिक: कमी खर्चात काय घ्यावे आणि किती दिवस

ताई, आपण लिहिले आहे की आईंना दाताच्या सुजेसाठी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट या अँटिबायोटिकचा सात दिवसांचा कोर्स दिला होता, चौथ्या दिवसापासून त्यांना पातळ शौचास होऊ लागले, आणि कोर्स संपून आठवडा झाला तरी पोटात वायू धरतो व जेवणावर वासना नाही. मेडिकलमधून महिनाभर घ्यायला सांगितलेल्या प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत सूक्ष्मजीव असलेल्या कॅप्सूलचा खर्च बाराशे रुपयांच्या पुढे जातो, तेव्हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी असे काय घ्यावे, असा आपला प्रश्न आहे. मी नाशकात बरीच वर्षे औषधविक्रीच्या व्यवसायात आहे आणि हा प्रश्न काउंटरवर सतत येतो, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. त्यामुळे पुढचे सारे वाचताना आईंचे इतर आजार आणि चालू औषधे ध्यानात ठेवून आपल्या डॉक्टरांना एकदा अवश्य विचारावे.

खर्चाचा विचार करण्याआधी एक गोष्ट तपासावी. दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पाण्यासारखे जुलाब होत असतील, ताप असेल, पोटात जोराची कळ येत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर कोणतेही प्रोबायोटिक विकत न घेता थेट डॉक्टरांकडे जावे. अँटिबायोटिकमुळे आतड्यांतले नेहमीचे जिवाणू कमी झाले की क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा जिवाणू फोफावू शकतो, त्याचे विष आतड्याच्या अस्तराला इजा करते, आणि हा त्रास कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतो. वयस्कर माणसांत त्याचा धोका अधिक असतो. अशा वेळी जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये. आपल्या वर्णनावरून आईंची स्थिती तशी दिसत नाही, तरीही ही खात्री आधी करावी.

आता मुख्य मुद्दा. माझे मत असे आहे की प्रोबायोटिकचा पैसा अँटिबायोटिक चालू असतानाच्या दिवसांवर खर्च करावा, नंतरच्या महिन्यावर नाही. आपल्याकडे बहुधा उलटे घडते: कोर्स चालू असताना कोणी काही बोलत नाही, पोट बिघडले की मग महिनाभराची महागडी पट्टी हातात पडते. जुलाब टाळण्यासाठी प्रोबायोटिकचा जो उपयोग अभ्यासांत दिसला आहे, तो मुख्यतः अँटिबायोटिकच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून सोबत दिल्यावर दिसला आहे. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने मुलांवरच्या ३३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा प्रोबायोटिक घेणाऱ्या मुलांत जुलाबाचे प्रमाण ८ टक्के आणि न घेणाऱ्यांत १९ टक्के आढळले. मोठ्यांबाबत चित्र इतके स्वच्छ नाही. ब्रिटनमध्ये रुग्णालयात दाखल असलेल्या सुमारे तीन हजार वृद्धांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अनेक जिवाणूंच्या मिश्रणाचा फायदा दिसून आला नाही.

कोर्स संपल्यानंतर घेतलेल्या प्रोबायोटिकने आतडे पूर्ववत होते, या समजुतीला तर त्याहून कमी आधार आहे. इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना सात दिवस सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडॅझोल ही अँटिबायोटिके दिली, आणि त्यानंतर काहींना ११ जिवाणूंचे मिश्रण चार आठवडे दिले, तर काहींना काहीच दिले नाही. ज्यांना काहीच दिले नाही, त्यांचे मूळचे जिवाणू सुमारे तीन आठवड्यांत बऱ्याच अंशी परतले; मिश्रण घेणाऱ्यांत मात्र ते परतायला कित्येक महिने अधिक लागले, कारण बाहेरून आलेल्या जिवाणूंनी जागा अडवून मूळच्या जिवाणूंची वाढ रोखून धरली. स्वयंसेवक थोडे होते आणि मिश्रण एकच होते, त्यामुळे यावरून सगळीच प्रोबायोटिके वाईट ठरत नाहीत. पण ‘भरपूर प्रकारचे जिवाणू, भरपूर दिवस’ म्हणजे लवकर बरे, हे गणित बरोबर नाही, एवढे त्यातून नक्की कळते. त्याच वर्षी डेन्मार्कमधील एका अभ्यासात १२ निरोगी पुरुषांना तीन अतिशय प्रभावी अँटिबायोटिक चार दिवस दिल्यानंतरही त्यांच्या आतड्यांतली जिवाणूसृष्टी साधारण दीड महिन्यात बव्हंशी पूर्वस्थितीला आली, मात्र नऊ जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांमध्ये सापडल्या नाहीत. म्हणजे शरीर आपणहून सावरते, पण अँटिबायोटिक विनाकारण घेण्याची किंमतही मोजावी लागते. साध्या सर्दीसाठी दुकानातून परस्पर गोळ्या मागणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो.

आईंच्या औषधाबाबत आणखी एक गोष्ट आहे. क्लॅव्ह्युलॅनेट हा घटक आतड्यांची हालचालच वाढवतो, त्यामुळे या गोळीने होणारे पातळ शौच अनेकदा जिवाणू मेल्यामुळे नसून औषधाच्या थेट परिणामामुळे असते आणि गोळी थांबली की काही दिवसांत निवळते. ही गोळी जेवणाच्या सुरुवातीला घेतली तर त्रास कमी होतो. रिकाम्या पोटी घेऊ नये.

तरीही प्रोबायोटिक घ्यायचेच असेल तर बाजारातल्या ढीगभर नावांपैकी माझ्या मते दोनच गोष्टी कमी खर्चात विचारात घेण्यासारख्या आहेत. पहिली सॅकरोमायसीस बोलार्डी. हा जिवाणू नसून यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी आहे, त्यामुळे जिवाणू मारणारे अँटिबायोटिक त्याला मारू शकत नाही, आणि म्हणून तो कोर्ससोबत घ्यायला सर्वांत सोयीचा. आँरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात इंडोचायनामध्ये लिची आणि मँगोस्टीन या फळांच्या सालींवरून तो वेगळा केला होता. आपल्याकडे तो २५० मिलिग्रॅमच्या पुडीत किंवा कॅप्सूलमध्ये मिळतो. इकोनॉर्म हे त्यातले परिचित नाव, पण याच घटकाच्या इतर कंपन्यांच्या पुड्याही असतात. मोठ्या माणसांना सहसा दिवसातून दोनदा देतात. पुडी गरम दुधात किंवा चहात टाकू नये, साध्या पाण्यात कालवून लगेच घ्यावी. फ्लुकोनॅझोलसारखे बुरशीनाशक औषध चालू असेल तर तिचा उपयोग होत नाही.

दुसरी बॅसिलस क्लॉसी. हा पाच मिलिलिटरच्या लहान प्लास्टिकच्या कुपीत पाण्यासारख्या द्रवात येतो, आणि एका कुपीत २ अब्ज बीजाणू असतात. एन्टेरोजर्मिना हे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण तोच जिवाणू आणि तीच संख्या असलेल्या इतर कंपन्यांच्या कुप्या बऱ्याच कमी किमतीत मिळतात. दुकानदाराकडे नाव न सांगता घटक सांगून मागावे. बीजाणू हे टणक कवचातले झोपलेले जिवाणू असल्यामुळे जठरातल्या आम्लाने ते मरत नाहीत आणि त्यांना फ्रिज लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत नाशकाचा पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हा फायदा लहान नाही. याउलट लॅक्टोबॅसिलस या जिवाणूच्या काही कॅप्सूल थंड जागीच ठेवाव्या लागतात. त्या दुकानात कपाटात उघड्यावर ठेवलेल्या असतील, किंवा कुरिअरच्या गाडीत दिवसभर उन्हात तापून आलेल्या असतील, तर आत किती जिवंत उरले आहे हे सांगता येत नाही. पुराव्याच्या दृष्टीने लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा प्रकारही चांगला आहे, विशेषतः मुलांसाठी, पण तो तुलनेने महाग पडतो.

वेष्टनावर तीन गोष्टी वाचाव्यात. जिवाणूचे पूर्ण नाव दिले आहे का, संख्या किती, आणि ती संख्या मुदत संपेपर्यंतची आहे की तयार केल्या दिवसाची. भारतीय निकषांनुसार प्रोबायोटिक म्हणवणाऱ्या अन्नपदार्थातून दिवसाला किमान १० कोटी जिवंत जिवाणू मिळायला हवेत, तर काही अतिस्वस्त गोळ्यांत ही संख्या जेमतेम काही कोटी असते. उलट बाजूला, पन्नास अब्ज लिहिलेली पट्टी पाच अब्जवाल्या पुडीच्या दहापट गुणकारी असते असेही नाही. किंमत पट्टीवर पाहू नये, दिवसावर काढावी: पट्टीची किंमत भागिले गोळ्यांची संख्या, गुणिले दिवसातल्या मात्रा. हा हिशेब केला की ‘स्वस्त’ वाटणारी पट्टी कधीकधी महाग निघते. पंतप्रधान जनऔषधी केंद्रांतही प्रोबायोटिक उपलब्ध आहे का, हे विचारून पाहावे. शहरात अशी केंद्रे अनेक भागांत आहेत, पण साठा दर वेळी असेलच असे नाही.

कोर्स चालू असताना जिवाणूंचे प्रोबायोटिक आणि अँटिबायोटिक यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. आणि इथे दह्याबद्दल एक महत्त्वाची सूचना, कारण आपल्या घरांत ‘गोळी उष्ण पडते, दही-भातासोबत घे’ असे सर्रास सांगितले जाते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधे दुधा-दह्यातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि पोटातून नीट शोषली जात नाहीत. मग संसर्ग बरा होत नाही आणि औषध बदलावे लागते. अमॉक्सिसिलिनला ही अडचण नाही. कोणत्या गोळीसोबत दही चालते, हे गोळी घेतानाच दुकानात विचारून घ्यावे.

घरच्या दह्या-ताकात नेमके कोणते जिवाणू आणि किती, हे प्रत्येक विरजणागणिक बदलते, त्यामुळे त्याला औषधाचा दर्जा देता येत नाही. पण कोर्स संपल्यानंतरच्या काळात मी पट्टीपेक्षा ताकावरच भर द्यायला सांगतो. २०२१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात ३६ निरोगी प्रौढांपैकी ज्यांनी दहा आठवडे दही, केफिर (आंबवलेले दूध), आंबवलेल्या भाज्या असे पदार्थ वाढवले, त्यांच्या आतड्यांतल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दर्शवणारी अनेक प्रथिने कमी झाली. यात एक पथ्य मात्र पाळावे लागते: उष्णतेने जिवाणू मरतात. कढी, इडली, डोसा पचायला चांगले असले तरी त्यांतून जिवंत जिवाणू मिळत नाहीत. आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागांतली नागली सहज मिळते. तिचे आंबील करताना पीठ पाण्यात शिजवून घ्यावे, ते बोटाला कोमट लागेल इतके निवले की मगच ताजे ताक घालून ढवळावे, वर जिरेपूड आणि मीठ. असे केले तर ताकातले जिवाणू जिवंत राहतात आणि नागलीचा तंतुमय भाग (फायबर) त्यांच्यासोबत पोटात जातो. ताक शिजत्या पातेल्यात ओतले तर फक्त चव उरते. थंडीत दही लागत नाही म्हणून दूध फार गरम असतानाच विरजण लावू नये, त्यानेही विरजण मरते. कोमट दुधाला विरजण लावून भांडे फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवावे.

आतड्यांत उरलेल्या जिवाणूंना खाद्यही हवे असते, आणि ते कांदा, लसूण, केळी, डाळी यांतून मिळते. लासलगाव-निफाडच्या कांद्याइतका स्वस्त पर्याय कोणत्याही दुकानात मिळणार नाही. मात्र शौच पातळ असेपर्यंत आणि पोटात वायू असेपर्यंत कांदा-लसूण व डाळींचा मारा करू नये, त्याने गुबारा वाढतो. आधी मऊ भात, मेतकूट, पिकलेले केळे, पातळ ताक. मग दोन-चार दिवसांनी शिजवलेल्या भाज्या आणि नागली. कच्चा कांदा सर्वांत शेवटी. तर्रीदार मिसळ तोवर टाळावी. याकुल्टसारख्या बाटलीतल्या पेयाबद्दल अनेक जण विचारतात. त्यात ठरावीक जातीचा जिवाणू मोजून ठरवलेल्या संख्येने असतो हे खरे, पण साखरही असते, त्यामुळे आईंना मधुमेह असेल तर घरचे ताक बरे.

काही माणसांनी प्रोबायोटिक स्वतःहून घेऊ नये: कर्करोगाची केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, मोठ्या शिरेत नळी बसवलेले, आणि मुदतीपूर्वी जन्मलेली बाळे. अशांमध्ये हेच जिवाणू किंवा यीस्ट रक्तात शिरून गंभीर संसर्ग झाल्याची उदाहरणे आहेत. नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिल्यावर मृत्यूंचे प्रमाण वाढलेले २००८ मध्ये नोंदवले गेले आहे. ‘दह्यासारखेच आहे, काय होणार’ असे म्हणून ही औषधे कोणालाही देऊ नयेत.

आता आईंसाठी. महिनाभराची पट्टी मी घेतली नसती. आईंना वरच्यापैकी कोणताही आजार नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर बोलार्डीच्या पुड्या किंवा क्लॉसीच्या कुप्या पाच ते सात दिवसांपुरत्या घ्याव्यात, तेवढ्यात फरक पडला नाही तर पुढे वाढवू नयेत. शौच पातळ असेपर्यंत ओआरएस द्यावे, तेही पुडीवर सांगितलेल्या मापानेच, म्हणजे एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात; ग्लासभर पाण्यात अर्धी पुडी टाकणे घातक ठरू शकते. रोज दुपारी वाटीभर ताजे ताक किंवा आंबील द्यावे. आणखी दोन आठवड्यांत भूक परतली नाही, वजन घटू लागले किंवा शौच पुन्हा पातळ झाले, तर डॉक्टरांना दाखवून शौचाची तपासणी करावी. दाताचे काम अजून बाकी असेल आणि पुन्हा अँटिबायोटिक लिहून दिले, तर दंतवैद्यांना तिथेच दोन गोष्टी विचाराव्यात: ही गोळी खरोखर आवश्यक आहे का, आणि असेल तर पहिल्या दिवसापासून सोबत बोलार्डी सुरू करावी का.